डोहाळजेवणातली सुनंदा: मराठी मालिकेतल्या एका तृतीयपंथी पात्राचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी दैनंदिन मालिकेतलं आहे. वाहिनी, निर्मितीसंस्था आणि मालिका यांची नावं दिलेली नाहीत, माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्या मालिकेसाठी पटकथा लिहीत होते. टीव्हीवर आणि जाहिरातीत तृतीयपंथी माणसं कशी दाखवली जातात याची चर्चा बहुतेक वेळा प्रसंग दिसून गेल्यावर होते. तो प्रसंग तसा का घडला, कोणत्या टेबलावर काय ठरलं, हे बाहेर येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

२०२३ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. संध्याकाळचा स्लॉट, ठाण्यात घोडबंदर रोडला सेट, एकत्र कुटुंबाची गोष्ट. नायिकेला सातवा महिना लागला होता आणि डोहाळजेवणाचा आठवडा ठरला होता.

मालिकेचं लेखन एका हातून होत नाही. कथा एक जण लिहितो, तिची वनलाइन, म्हणजे काही ओळींतला आराखडा, वाहिनीकडून मंजूर होते, मग पटकथा, मग संवाद, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस वेगळा. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते घसरलेले असले की शुक्रवारी वनलाइन बदलते. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक आटलेली असते, शूटिंग उद्यावर आलेलं असतं. अशा वेळी कोणीही नव्याने विचार करत बसत नाही, हाताशी असलेले तयार प्रसंग काढले जातात: सत्यनारायणाच्या पूजेत विघ्न, जिन्यावरून पडणं, हळदीकुंकवात अपमान. आणि टाळ्या वाजवत दारात येणारे तिघे.

मंजूर झालेली वनलाइन अशी होती. डोहाळजेवण ऐन रंगात आलेलं असताना तीन तृतीयपंथी दारात येतात, अकरा हजार मागतात. सासू पाचशेची नोट पुढे करते. त्यांच्यातली म्होरकी, चमेली, चिडून शाप देते. नायिका चक्कर येऊन पडते. भाग संपतो. पुढचे दोन आठवडे घर त्या शापाच्या धास्तीत. चमेलीच्या भूमिकेसाठी मालिकेतल्याच एका विनोदी नटाला साडी नेसवायची होती, बाकीच्या दोघी ज्युनिअर आर्टिस्टमधून.

त्याच आठवड्यात एका मसाला कंपनीने मालिकेत पैसे घातले होते. डोहाळजेवणाच्या मसालेभातात त्यांचं पाकीट दिसणार होतं, शिवाय मालिकेतल्या पात्रांना घेऊन तीस सेकंदांची एक जाहिरात होणार होती. त्यामुळे हा प्रसंग मालिकेचा होता तसाच जाहिरातीचाही होता.

अडचण कशी समोर आली

वाहिनीत मजकूर तपासणारा एक विभाग असतो. त्यांनी वनलाइन आणि संवादांचा पहिला खर्डा वाचला, एक अपशब्द काढायला सांगितला आणि मंजुरी दिली. नियमांच्या दृष्टीने काम संपलं होतं.

हरकत आली ती मेकअप रूममधून. केशभूषा विभागात एक सहायक होती. ती स्वतः ट्रान्स स्त्री आहे हे हेअरच्या मंडळींना ठाऊक होतं, सगळ्या युनिटला नव्हतं. सीनचा कागद तिथे पडलेला होता, तो तिने वाचला. मी नायिकेला एक बदल समजावायला गेले होते, तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “ताई, असा सीन लागला ना, की दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये आम्हाला ऐकून घ्यावं लागतं. बायका पोराला पदराखाली घेतात. मी केसाचं काम करते, मी कोणाला शाप दिला?”

मी ते लेखनाच्या बैठकीत मांडलं. कार्यकारी निर्मात्याचं उत्तर सरळ होतं: “पण हे होतंच की. माझ्या मुलाच्या बारशाला आले होते.” हा मुद्दा खोटा नाही, आणि तो झटकून टाकून पुढे जाणं मला पटत नव्हतं. बधाई मागायला येणं ही खरी प्रथा आहे. कोणत्या वस्तीत कोणी जायचं हे घराण्यांमध्ये वाटलेलं असतं, गुरू-चेल्यांची उतरंड असते, ढोलक असते, बाळाला मांडीवर घेऊन म्हटलेली गाणी असतात, धान्य, साडी आणि पैसे घेऊन दिलेला आशीर्वाद असतो. आमच्या प्रसंगाने त्यातलं काय उचललं होतं? टाळी आणि शाप. ढोलक गेली, गाणं गेलं, गुरू गेली. आणि या बायकांना दारोदार जायची वेळ का येते, हे तर कोणत्याच मालिकेच्या वनलाइनमध्ये नसतं. घरातून हाकललेलं, शाळा सुटलेली, कामाला कोणी ठेवत नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ हा रकाना पहिल्यांदा मिळाला, तेव्हा देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्यात झाली. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण देशपातळीवर ५६ टक्के होतं. या हजारो माणसांपैकी टीव्हीवर दिसतात ती फक्त उंबऱ्याबाहेर उभी असलेली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये कायदा झाला, नोकरीत भेदभाव करायला त्यात मनाई आहे. आमची वनलाइन मात्र तीस वर्षांपूर्वीही जशीच्या तशी लिहिली गेली असती.

जाहिरातीच्या बाजूने दबाव वेगळा होता. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२२ मध्ये आपल्या संहितेत लिंगओळखीवरून कोणाची खिल्ली उडवू नये असं स्पष्ट घातलं होतं. मसाला कंपनीच्या एजन्सीला हे माहीत होतं. पण त्यांचा पहिला निरोप तत्त्वाचा नव्हता. शापाच्या प्रसंगाशेजारी आपलं पाकीट नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तरीही त्या निरोपाने वाहिनी बैठकीला बसली, हे नोंदवायला हवं. मेकअप रूममधल्या हरकतीने बसली नसती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रसंग काढून टाकण्याचा. सोपा, बिनखर्चाचा. वाहिनीचा कल सुरुवातीला इकडेच होता. माझा विरोध होता. चुकीचं दाखवण्याची भीती वाटली की पात्रच नाहीसं करायचं, ही सवय मालिकांना दलित पात्रांच्या बाबतीत लागलेली आहे, मुस्लिम पात्रांच्या बाबतीतही. कोणी दुखावलं जात नाही, कोणी दिसतही नाही.

दुसरा पर्याय शापाचा आशीर्वाद करण्याचा. तेच तिघे, त्याच टाळ्या, पण सासू प्रेमाने ओटी भरते आणि चमेली डोळ्यांत पाणी आणून बाळाला दुवा देते. बैठकीतल्या बहुतेकांना हा सुटकेचा मार्ग वाटला. मला तो शापाइतकाच अपुरा वाटला. शाप देणारी आणि आशीर्वाद देणारी, दोघींकडे दैवी ताकद आहे, दोघींना स्वतःची गोष्ट नाही. दोघी दुसऱ्याच्या घरातल्या बाळासाठी जन्माला आलेल्या. प्रसंग संपला की त्या कुठे जातात, रात्री काय जेवतात, हे विचारायची गरज कोणालाच पडत नाही.

तिसरा पर्याय वाहिनीच्या मार्केटिंगकडून आला: ‘विषयाचा ट्रॅक’. नायकाचा लहानपणी घरातून निघून गेलेला भाऊ आता स्त्री म्हणून परत येतो, घर हादरतं, तीन आठवड्यांत स्वीकारतं. त्यांनी दोन जाहिरातींचा दाखला दिला. एक २०१७ ची विक्सची. नीरज घायवान यांनी केलेली, तिच्यात तृतीयपंथींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गौरी सावंत स्वतः आहेत, आणि गोष्ट सांगते ती त्यांनी सांभाळलेली मुलगी. दुसरी २०२१ ची, केरळच्या भीमा ज्वेलर्सची. मुलगा म्हणून वाढवली गेलेली एक मुलगी आईवडिलांच्या साथीने हळूहळू स्वतःच्या रूपात येते आणि शेवटी दागिन्यांनी सजलेली नवरी होते. ती भूमिका मीरा सिंघानिया रेहानी या ट्रान्स तरुणीनेच केली आहे.

दोन्ही जाहिराती मला मनापासून आवडतात. घरातून हाकलून देण्याची गोष्ट सर्वांना पाठ असताना ‘ही कोणाची तरी आई आहे’, ‘ही कोणाची तरी लेक आहे’ हे इतक्या थोड्या वेळात सांगणं अवघड आहे, आणि ते त्यांनी केलं. मात्र दोन्हींचा डोलारा एका उलगड्यावर उभा आहे. विक्समध्ये आई तृतीयपंथी आहे हे प्रेक्षकाला उशिरा कळतं, आणि त्या क्षणी गलबलून येतं. भीमामध्ये रूपांतर हीच गोष्ट. काही मिनिटांत दुसरं काही करायला जागाही नसते. मालिकेकडे तर रोजची संध्याकाळ असते. पात्र तिसऱ्यांदा घरात आलं की त्याचं येणं ही बातमी राहत नाही. जाहिरातीला जे जमू शकत नाही ते मालिकेला जमतं, आणि आमच्या मार्केटिंगला नेमकं जाहिरातीचं बलस्थान उसनं घ्यायचं होतं.

चौथा पर्याय माझ्या आणि संवादलेखकाच्या डोक्यात तयार झाला. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा, मागे चंद्रकोर. हे काम करणारी बाई घरात तीन-चार तास असते, नायिकेच्या अगदी जवळ असते आणि तिच्याशी बोलते. ती बाई ट्रान्स स्त्री असेल तर? दादरच्या फुलबाजारातून पहाटे माल उचलणारी, कामाचे पैसे घेणारी. बोलावल्यावर आलेली. तिचं नाव आम्ही सुनंदा ठेवलं.

निर्णय

वाहिनीला चौथा पर्याय पटला तो एकाच अटीवर: नायिका चक्कर येऊन पडते तो शेवट राहिला पाहिजे. ही अट मान्य करायला हरकत नव्हती. पहिल्या खर्ड्यात आम्ही असं लिहिलं की मुकुट बांधताना सुनंदाच्या लक्षात येतं, नायिकेचे पाय सुजलेत, चेहरा उतरलाय. ती वेळेवर सांगते म्हणून बाळ-बाळंतीण वाचतात. बैठकीत सगळ्यांना हे आवडलं.

तो खर्डा मी केशभूषेतल्या त्या सहायकाला वाचायला दिला. तिने शांतपणे वाचला आणि विचारलं, “म्हणजे आम्ही कोणाचा तरी जीव वाचवला, तरच घरात घेणार का?”

या प्रश्नाने खर्डा बदलला. सूज आता नणंदेच्या लक्षात येते. सुनंदा झोपाळा बाजूला ओढते, गर्दी हटवते, आणि दुसऱ्या भागात, नायिका दवाखान्यातून घरी आल्यावर, उरलेले पैसे मागायला येते. सासू म्हणते, वाडी तर अर्धीच झाली. सुनंदा म्हणते, “काकू, फुलं अर्धी नाही घेतली मी. मोगरा उद्यापर्यंत टिकत नाही आणि बाजारवाला उधार ठेवत नाही.” हा संवाद मला सगळ्या ट्रॅकमधला सगळ्यात मोलाचा वाटतो. पैसे मागणारी तृतीयपंथी व्यक्ती प्रेक्षकाने हजार वेळा पाहिली आहे. इथे ती केलेल्या कामाचे पैसे मागते आणि तिचं म्हणणं बरोबर असतं.

पुढचा प्रश्न होता, ती ट्रान्स आहे हे प्रेक्षकाला कळावं कसं? लपवायचं नव्हतं आणि उलगडाही करायचा नव्हता. घरातली आजी माळा ओवता ओवता विचारते, “तुझं घर कुठं गं?” सुनंदा सांगते, “बदलापूरला. गुरूंपाशी राहते. माझ्या हाताखाली दोन चेल्या आहेत, खाली टेम्पोत बसल्यात.” आजी म्हणते, “मग त्यांना वर बोलाव, जेवून जातील.” ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि पार्श्वसंगीत थांबत नाही.

भूमिका कोणी करायची यावर बराच वाद झाला. कास्टिंगवाल्याने एका ओळखीच्या अभिनेत्रीचं नाव सुचवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही वेबमालिका आली होती, तिच्यात त्यांची भूमिका सुष्मिता सेन यांनी केली. “तिथे चाललं, इथे का नको?” हा प्रश्न आला. मोठ्या नावाशिवाय मोठा खर्च कोणी करत नाही हा तिथला हिशेब मी समजू शकते. आमच्याकडे सहा भागांची छोटी भूमिका होती, नावाची गरज नव्हती. अशी छोटी भूमिकासुद्धा ट्रान्स अभिनेत्रीला मिळणार नसेल, तर तिने कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं राहायचं कधी? दिग्दर्शक इथे ठामपणे आमच्या बाजूने उभा राहिला. एकांकिका आणि लोकनाट्यात काम केलेली एक ट्रान्स अभिनेत्री निवडली गेली. तिला इथे रेवा म्हणते.

सेटवर काय घडलं

निवड झाली आणि अडचणी सुरू झाल्या, त्याही कागदांच्या. टीव्हीत कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. ज्यांच्या पाठीशी घर आहे त्यांना ते परवडतं. रेवा भाड्याच्या खोलीत राहत होती आणि घरमालक महिन्याला पैसे मागत होता. तिने हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. निर्मात्याने निम्मी रक्कम करारावेळी दिली. तसा त्यांचा रिवाज नव्हता. त्यानंतर हिशेबनीसाने पॅनवरचं नाव वेगळं असल्याचं दाखवलं. शेवटी बँकेचे कागद जुन्या नावाने, आणि कॉलशीट, मेकअप रूमचं दार आणि श्रेयनामावली रेवाच्या नावाने, असं ठरलं. दारावरचं नाव आधी चुकीचं लागलं होतं, प्रॉडक्शनच्या मुलाने ते दुपारपर्यंत बदललं. ज्येष्ठ अभिनेत्रींपैकी एकीने स्वतःहून तिला आपल्या खोलीत जागा दिली.

पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने तिला आवाज जरा जाड करायला सांगितलं. ती म्हणाली, “सर, माझा आवाज हा असा आहे. जाड करणार नाही, बारीकपण करणार नाही.” त्याने लगेच मान्य केलं. हा तोच दिग्दर्शक, जो कास्टिंगच्या वेळी आमच्या बाजूने भांडला होता. सवय किती खोल असते हे त्यावरून कळतं.

एक प्रसंग मात्र जवळून सांगण्यासारखा आहे. माळा ओवताना आजी सुनंदाला चहा देते असा शॉट होता. प्रॉपर्टीवाल्याने ट्रेमध्ये चार बोन चायनाचे कप ठेवले होते आणि एक कागदी पेला. पटकथेत असं काही नव्हतं, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. बाहेरून कामाला आलेल्या बाईला वेगळा पेला, हे त्याने घरोघरी पाहिलं होतं आणि सहज मांडलं. दिग्दर्शकाला ते ‘खरं’ वाटलं, तो ठेवायला तयार होता. रेवाने ट्रेकडे बघून विचारलं, “हा सीन पेल्याबद्दल आहे का? असेल तर मला तसं बोलायला द्या. नसेल तर मलाही कप द्या.”

शूटिंग थांबलं. मला फोन आला. मी दोन मार्ग सांगितले. पेला ठेवायचा असेल तर आजीने तो बघितला पाहिजे, सुनेला विचारलं पाहिजे आणि त्यावर घरात बोलणं झालं पाहिजे. नुसता फ्रेममध्ये राहिला तर मालिका तो भेद मान्य करते असाच अर्थ होईल. तेवढा वेळ त्या दिवशी नव्हता. कप ठेवला गेला. आता मागे वळून पाहताना मला वाटतं, दुसऱ्या भागात पेल्याचा प्रसंग नीट लिहून घ्यायला हवा होता. आयता मिळालेला खरा तपशील होता आणि तो या बाईपुरता नव्हता, प्रत्येक घरकामवालीचा होता.

याच सुमारास मसाला कंपनीकडून पुन्हा निरोप आला. पाकीट दिसतं त्या पंगतीत सुनंदा आणि तिच्या चेल्या नकोत. कारण दिलं गेलं नाही. निर्मात्यापुढे प्रश्न पैशांचा होता. पंगतीतून तिघींना उठवलं असतं तर आजीच्या त्या एका वाक्याचा खोटेपणा झाला असता, “वर बोलाव, जेवून जातील” म्हणायचं आणि जेवताना दाखवायचं नाही. निर्मात्याने पंगत तशीच ठेवली आणि पाकिटाचा शॉट दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकघरातल्या प्रसंगात हलवला. कंपनीने ते मान्य केलं, ठरलेले पैसे दिले. ठामपणे उभं राहिलं तर नेहमी नुकसानच होतं असं नाही, पण हे निर्मात्याला आधी माहीत नव्हतं आणि तरीही त्याने तो निर्णय घेतला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

प्रोमोने केलेला घोळ

इतकं सगळं सांभाळल्यावर काम कोसळलं ते अशा ठिकाणी जिथे आमच्यापैकी कोणीच हजर नव्हतं. प्रोमो वाहिनीचा वेगळा चमू कापतो. त्यांच्याकडे भाग येतात, सोबत दोन ओळींचा सारांश. सारांशात लिहिलं होतं: डोहाळजेवणात तृतीयपंथी पात्राचा प्रवेश, नायिका कोसळते.

वीस सेकंदांचा प्रोमो झाला. सुनंदाचे हात, पाठमोरी आकृती, त्यावर टाळीचा आवाज, जो चित्रित भागात कुठेही नव्हता. संगीताच्या संग्रहातून घातलेला. नायिका पडते, सासू किंचाळते, पडद्यावर अक्षरं: ‘कोणाची नजर लागली?’ आम्ही टाकून दिलेली पहिली वनलाइन आमच्याच चित्रफितीतून पुन्हा तयार झाली होती.

रेवाने तो प्रोमो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला, कोणीतरी अभिनंदन म्हणून पाठवला होता. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. “मी टाळी वाजवलेली नाही. माझ्या हातावर टाळी लावली.” दिग्दर्शक आणि निर्माता वाहिनीत गेले. दुसऱ्या दिवशी प्रोमो बदलला, आजी आणि सुनंदाचं माळा ओवतानाचं बोलणं त्यात आलं. पण पहिला प्रोमो तोवर फिरला होता आणि फिरतच राहिला.

परिणाम

भाग दाखवले गेले. टीआरपी वाढला नाही, पडलाही नाही. वाहिनीच्या नजरेत प्रयोग ‘निरुपद्रवी’ ठरला, आणि पुढच्या वेळी दार उघडं राहायला तेवढं पुरतं. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत दोन टोकं होती. पहिल्या प्रोमोखाली शिव्या आणि टवाळी. भाग पाहिलेल्यांनी मात्र सुनंदाच्या मुकुटाबद्दल लिहिलं, असा मुकुट कुठे मिळेल विचारलं. बिलाच्या प्रसंगावर एका केटरिंग करणाऱ्या बाईंनी लिहिलं की अर्ध्या कार्यक्रमाचे पैसे बुडवणारे असे बरेच भेटतात. तिने सुनंदाला आपल्यासारखीच व्यवसाय करणारी बाई म्हणून ओळखलं होतं. मला या एका प्रतिक्रियेने सर्वात जास्त समाधान दिलं.

बारशाच्या भागांत सुनंदा पुन्हा आली, पाळणा सजवायला. त्या वेळी तिच्याबद्दल घरात कोणीही काही बोललं नाही, सासूने फक्त भाव पाडायचा प्रयत्न केला. त्यानंतर मालिकेचा स्लॉट बदलला, कथा दुसरीकडे वळली आणि पात्र थांबलं.

रेवाला कामं आली. जवळपास सगळी टाळीची. तिने काही नाकारली आणि एक घेतलं, कारण भाडं थकलं होतं. तिला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्या उद्योगात तिच्यासाठी दुसरं काही लिहिलंच जात नाही, तिथे निवड करायची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकणं अन्यायाचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी उणीव प्रोमोची. पात्र कसं दाखवायचं नाही याचं एक पान आम्ही दिग्दर्शक, संगीत आणि वेशभूषेसाठी लिहिलं होतं. ते प्रोमोच्या चमूला, प्रसिद्धीच्या मजकुरासाठी आणि मसाला कंपनीच्या एजन्सीलाही जायला हवं होतं. रेवाच्या करारात एक ओळ पुरली असती: भूमिकेत नसलेला आवाज किंवा हावभाव प्रसिद्धीत जोडता येणार नाही. तशी ओळ घालायला वकील लागत नाही, करार लिहिताना आठवावं लागतं.

दुसरं, सल्ल्याचं. खर्डा दोनदा वाचवला तो केशभूषेतल्या सहायकाने, आणि तिला त्याचा मोबदला मिळाला नाही. नामावलीत नाव देऊ का विचारलं तेव्हा ती नको म्हणाली, कारण त्यामुळे तिची ओळख सगळ्या युनिटपुढे आली असती. पैसे देण्यात मात्र ही अडचण नव्हती. ‘संशोधन सहाय्य’ या नावाखाली निर्मात्याकडून रक्कम मागता आली असती. ज्या माणसाच्या आयुष्यातून लेखक तपशील घेतात त्याला चहा पाजून आभार मानायची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती बंद व्हायला हवी. आणि सल्ला वनलाइनच्या आधी घ्यायला हवा. वनलाइन मंजूर झाल्यावर घेतलेल्या सल्ल्याने वाक्यं बदलतात, गोष्टीचा सांगाडा तोच राहतो. आमच्याकडे सांगाडा बदलला, पण त्याला मसाला कंपनीची धास्ती कारण झाली.

तिसरं, पात्राच्या आयुष्याचं. सुनंदाच्या दोन चेल्या वर येऊन जेवल्या, पण त्यांना एकही वाक्य नव्हतं. गुरूचा उल्लेख झाला, ती दिसली नाही. सहा भागांत सगळं बसत नाही हे खरं. तरी बारशाच्या वेळी एक प्रसंग बदलापूरच्या घरात घेता आला असता: तिघी जेवायला बसल्या आहेत, दुसऱ्या दिवशीच्या फुलांचा हिशेब चालू आहे, मोगरा महागला म्हणून गुरू कुरकुरते आहे. सेटचा खर्च वाढतो म्हणून तो मी लिहिलाच नाही, विचारूनही पाहिला नाही. मालिकेत ज्याचं स्वयंपाकघर दिसतं तोच घरातला माणूस होतो, बाकीचे येऊन-जाऊन असतात.

चौथं, कामाच्या अटींचं. करारावेळी निम्मे पैसे देणं हा रेवाच्या बाबतीत अपवाद होता आणि अपवादच राहिला. नव्वद दिवसांची पद्धत बदलत नाही तोवर ट्रान्स कलाकारच काय, गावाकडून आलेला, पाठीशी कोणी नसलेला कोणताही कलाकार टिकणार नाही. अशा कलाकारांपुरता तरी आगाऊ रकमेचा नियम निर्मितीसंस्थेने लेखी करावा, अशी मागणी मी आणि दिग्दर्शकाने नंतर केली. उत्तर अजून आलेलं नाही. प्रोमोची ओळ मात्र त्या संस्थेच्या पुढच्या मालिकेच्या करारनाम्यात आली आहे, सर्व कलाकारांसाठी.